शेवटच्या माणसाला प्रथम विचारावे

(ओमानमधील माबेला येथून ध्वनिमुद्रित करून पाठविलेले आणि आपल्या सभागृहात ऐकविण्यात आलेले हे व्याख्यान, बोलण्याचा ओघ कायम ठेवून येथे छापीत आहोत.)



आपल्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना आपण मला एकच अट घातली होती. आपल्या व्यवसायाविषयी बोलावे, पण ज्याचा त्या व्यवसायाशी काडीचा संबंध नाही त्यालाही घरी नेण्यासारखे काही मिळावे. ही अट मला फार आवडली. कारण माझा व्यवसाय ज्या प्रश्नाभोवती फिरतो तो प्रश्न आपल्या सिनेगॉगच्या सभागृहातही दर सणाला उभा राहतो, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे.

मी मस्कतमध्ये व्यापारी परिषदा, प्रदर्शने आणि चर्चासत्रे यांच्या आयोजनाचे काम करते. अलीकडे या कामाला ‘शाश्वत आयोजन’ असे विशेषण लागले आहे. कार्यक्रम असा व्हावा की त्यात पाणी, वीज, अन्न, लाकूड यांची नासाडी कमीत कमी व्हावी, राबणाऱ्या माणसांचे हाल होऊ नयेत आणि कार्यक्रम संपल्यावर गावाला त्याचा भार वाटू नये, हा त्याचा अर्थ. ओमान सरकारने २०२२ साली जाहीर केले की २०५० पर्यंत देशाचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचे. त्यामुळे आज येथील प्रत्येक परिषदेच्या निमंत्रणपत्रिकेवर एखादे हिरवे पान छापलेले असते. ते पान खरे केव्हा ठरते आणि नुसती शोभा केव्हा ठरते, हा आजचा विषय.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करावा लागेल. इंग्रजीत ‘स्टेकहोल्डर’ म्हणतात. त्याला कोणी मराठीत ‘भागधारक’ म्हणतात, पण भागधारक म्हणजे ज्याने पैसा गुंतवला तो. अमेरिकेतील प्राध्यापक आर. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात या शब्दाचा अर्थ पुष्कळ रुंद केला. संस्थेच्या कामावर ज्याचा परिणाम होऊ शकतो तो, आणि संस्थेच्या कामाचा ज्याच्यावर परिणाम होतो तोही, असे दोघे त्यांनी त्यात घेतले. मी त्याला ‘संबंधित’ म्हणेन. मुलीच्या लग्नात वधूपिता जसा संबंधित, तसाच आचारी, वाढपी, मांडववाला, आणि रात्री उशिरापर्यंत बँड वाजला म्हणून ज्याचे तान्हे मूल झोपले नाही तो शेजारीही संबंधित. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात, ते या साऱ्यांची मोट बांधावी लागते म्हणूनच.

आता मी जेथून बोलते आहे त्या जागेविषयी थोडे सांगते. माबेला हा मस्कत प्रांताच्या सीब विलायतीतला भाग. समुद्राच्या बाजूला वस्ती, शाळा, दुकाने. आणि दक्षिणेकडे औद्योगिक वसाहत. तेथे सुतारकामाचे कारखाने, गॅरेज, गोदामे आणि कामगारांच्या राहण्याच्या इमारती आहेत. येथून मोटारीने थोड्याच अंतरावर, विमानतळाजवळच्या मदिनत अल इरफान या नव्या नगरात, ‘ओमान कन्व्हेन्शन अँड एक्झिबिशन सेंटर’ आहे. त्याची प्रदर्शनदालने २०१६ मध्ये सुरू झाली. त्यांचे क्षेत्रफळ २२,००० चौरस मीटरांहून अधिक आहे. मस्कतचा आंतरराष्ट्रीय ग्रंथमेळा तेथेच भरतो, आणि तेल, ऊर्जा, बांधकाम, शिक्षण अशा कितीतरी क्षेत्रांची प्रदर्शनेही.

पाहुण्यांना ते भव्य दालन दिसते. माबेलाला राहणाऱ्याला त्याची मागची बाजू दिसते. प्रदर्शनाच्या आधीचे आठ-दहा दिवस औद्योगिक वसाहतीत करवती रात्रंदिवस चालतात. प्लायवूडच्या भिंती, टेबले, कमानी रंगून ट्रकवर चढतात. तीन दिवस त्या दिव्यांच्या झगमगाटात उभ्या राहतात. मग त्याच ट्रकांतून त्या परत येतात, पण फुटलेल्या, करवतीने कापलेल्या, खिळ्यांसकट. तीन दिवसांच्या वापरासाठी झाड कापले, त्याचे फळकूट केले, जहाजाने आणले, रंगविले आणि मोडीत काढले. आपल्या तोरात, अनुवादाच्या विसाव्या अध्यायात, वेढा घातलेल्या शहराचीसुद्धा फळझाडे तोडू नका, असे सांगितले आहे. आम्ही तर कोणाला वेढा घातलेला नसतो. आमचे नुसते प्रदर्शन असते.

हे असे का होते, याचा शोध घेताना मला या विषयातला सर्वांत मोठा धडा मिळाला, आणि तो कोणत्याही तज्ज्ञाने दिला नाही. स्टॉल उभारणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींना मी विचारले, “चाचा, स्क्रू फिरवून भिंत सोडवता येते, तर आपण ती कापता का?” ते म्हणाले, “मॅडम, कापायला दहा मिनिटे लागतात, सोडवायला एक तास. तुम्ही आम्हाला रात्री दहाला आत सोडता आणि पहाटे दालन रिकामे मागता. कापू नको तर काय करू?”

बंधुभगिनींनो, या एका उत्तरात सारे आले. लाकूड वाया जाण्याचे मूळ सुताराच्या आळसात नव्हते. ते भाडेकरारात होते. दालनाचे भाडे दिवसावर आकारले जाते. आयोजक एक दिवस वाचवतो. त्यामुळे स्टॉल उतरवायला आठ तास मिळतात, आणि त्या आठ तासांत भिंती सोडवण्याला अवसरच उरत नाही. भाडेकरार सहा महिने आधी झालेला असतो. मिस्त्रींचा संबंध शेवटच्या पंधरा दिवसांत येतो. ज्याला उपाय ठाऊक आहे तो माणूस खोलीत येतो, तेव्हा उपायाची वेळ टळून गेलेली असते.

पुढच्या एका परिषदेच्या वेळी आम्ही क्रम उलटा केला. भाडेकरार करण्यापूर्वी मिस्त्रींना, मालवाहू ट्रकवाल्याला आणि दालनाच्या व्यवस्थापकाला एका टेबलाशी बसविले. मिस्त्रींनी सांगितले की उतरवायला आणखी अर्धा दिवस मिळाला, तर ठरावीक मापाच्या भिंती अखंड परत नेता येतील आणि पुढच्या चार-पाच कामांना वापरता येतील. म्हणून ते आपला दर कमी करतील. दालनाच्या व्यवस्थापकाने सांगितले की त्या दुपारी दुसरे काही नसेल, तर अर्ध्या दिवसाचे भाडे सवलतीने देता येईल. ट्रकवाल्याची अडचण वेगळीच निघाली. अखंड भिंती जागा फार व्यापतात, म्हणून एक फेरी वाढेल. तिघांचे म्हणणे कागदावर मांडले, तेव्हा एकूण खर्च जवळजवळ पूर्वीइतकाच आला आणि लाकूड वाचले. यात कोणी कोणावर उपकार केला नाही. प्रत्येकाने आपली गरज आणि आपली अडचण वेळेवर सांगितली, एवढेच झाले. सहकार्य म्हणतात ते बहुधा असेच असते.

दुसरे उदाहरण अन्नाचे. आपल्याकडे आचाऱ्याचा पहिला प्रश्न असतो: पाने किती? मोठ्या परिषदेत या प्रश्नाचे उत्तर चार जण देतात, आणि प्रत्येक जण आपली थोडी भीती त्यात मिळवतो. समजा, ४०० माणसे यायची आहेत. पुरस्कर्ता म्हणतो, आपल्या नावाला कमीपणा नको, ४४० सांगा. आयोजक म्हणतो, ऐन वेळी कोणी वाढले तर, ४८० सांगू. हॉटेलचा व्यवस्थापक स्वयंपाकघराला ५२० सांगतो. मुख्य आचारी अनुभवी असतो, पण त्याला वरून आलेला आकडा बदलण्याचा अधिकार नसतो. प्रत्यक्षात जेवायला बसतात ३५०. या हिशेबात कोणीही लबाडी केलेली नाही. तरी १७० पाने टाकून द्यावी लागतात.

त्यातही गुरुवारची गोष्ट निराळी. ओमानात १ मे २०१३ पासून शुक्रवार-शनिवार अशी साप्ताहिक सुट्टी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनिवार तेल्यां’च्या वंशजांना या सुट्टीचे सुख काय वाटते, ते मी आपल्याला सांगायला नको! पण त्याचा परिणाम असा की तीन दिवसांची परिषद मंगळवारी सुरू होऊन गुरुवारी संपते, आणि गुरुवारी दुपारी निम्मे प्रतिनिधी विमानतळाची किंवा सलाला, सोहार, निझवा यांची वाट धरतात. गुरुवारचे जेवण दर वेळी उरते. ही गोष्ट आचाऱ्याला ठाऊक होती, वाढप्यांना ठाऊक होती, भांडी घासणाऱ्या मुलालाही ठाऊक होती. जो मागणीपत्र लिहितो त्यालाच ती ठाऊक नव्हती, कारण तो गुरुवारी दुपारी हिशेबाच्या खोलीत असे.

यावर उपाय साधा आहे. आकडा एकाच माणसाने द्यावा आणि त्याचे नाव सर्वांना माहीत असावे. तो आकडा ठरलेल्या वेळी सुधारावा. आदल्या दिवशी दुपारी चारला एकदा आणि त्या दिवशी सकाळी नोंदणी झाल्यावर एकदा. उरलेले अन्न कोण नेणार, किती वाजता नेणार, कोणत्या भांड्यांत नेणार, हे जेवण शिजण्यापूर्वी लिहून ठेवावे. उकाड्याच्या देशात शिजवलेले अन्न फार थोडा वेळ टिकते. ते कोणाला द्यावे याचा विचार जेवणानंतर सुरू केला, तर विचार पूर्ण होईपर्यंत अन्न नासते. आणि ज्यांना द्यायचे त्यांनाही आधी विचारावे लागते. रात्री अकराला दोनशे माणसांचा बिर्याणीचा डबा दारात आणून ठेवला, तर त्या संस्थेवर आपण दान लादतो. ते वाटण्याचे आणि भांडी घासण्याचे ओझेही तिच्यावर टाकतो.

तिसरी गोष्ट भाषेची. मस्कतमधील एका कार्यक्रमात किती भाषा बोलल्या जातात, याची आपण कल्पना करा. यजमान अरबी बोलतात; त्यांच्यापैकी कोणाच्या घरी बलुची असते, कोणाच्या घरी स्वाहिली. पाहुणे इंग्रजी बोलतात. हिशेबनीस मल्याळी किंवा गुजराती, सुतार राजस्थानचा, सफाईचा मुलगा बांगलादेशाचा, ट्रकचालक पाकिस्तानचा. एका परिषदेत तीन रंगांच्या कचरापेट्या फार देखण्या मांडल्या होत्या आणि त्यांवर अरबी व इंग्रजी अक्षरे होती. पाहुण्यांनी मनोभावे बाटल्या एका पेटीत, कागद दुसऱ्या पेटीत टाकले. संध्याकाळी तिन्ही पेट्या एकाच मोठ्या पिशवीत रिकाम्या झाल्या. सफाई करणाऱ्या मुलाला ती अक्षरे वाचता येत नव्हती, आणि आली असती तरी उपयोग नव्हता; कारण त्याच्या कंत्राटदाराकडे ट्रक एकच होता. पाहुण्यांनी वेगळे केलेले पुन्हा एक झाले.

येथे संवाद कोणाकोणात व्हायला हवा होता, ते पाहा. ओमानमध्ये घनकचऱ्याचे काम ‘बीआह’ या सरकारी कंपनीकडे आहे. पुनर्वापरासाठी माल घेणारे व्यापारी वेगळे आहेत. दालनाची सफाई खाजगी कंत्राटदार करतो. या तिघांचे आधी ठरले असेल, तरच तीन पेट्यांना अर्थ आहे. नाहीतर तीन पेट्या म्हणजे पाहुण्यांच्या समाधानासाठी केलेला देखावा. आता आम्ही पेट्यांवर अक्षरांऐवजी बाटलीचे, कागदाचे, केळीच्या सालीचे चित्र लावतो, आणि सफाईच्या चमूला त्यांच्याच म्होरक्याच्या आवाजात, त्यांच्याच भाषेत फोनवर सूचना पाठवतो. खर्च शून्य. हे आधी कोणाला सुचले नाही, याचे कारण सफाईचा चमू आयोजनाच्या बैठकीला कधी बोलावलाच जात नसे.

चौथी गोष्ट माणसांची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ओमानात जून, जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करवून घेण्यास कायद्याने मनाई आहे. उन्हाळ्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. लोखंडाला हात लावला तर फोड येतो. कायदा उत्तम आहे. पण एखाद्या आयोजकाने माल उतरविण्याची वेळ अकरा ते एक अशी दिली, तर काय होते? साडेबाराला काम थांबते, ट्रक उभे राहतात, आणि संध्याकाळी राहिलेले काम तीच माणसे जेवणावाचून पूर्ण करतात. कायदा पाळला गेला, पण माणूस दमला तो दमलाच. वेळापत्रक ठरविणाऱ्याने म्होरक्याला एकदा विचारले असते, तर त्याने सांगितले असते की पहाटे पाचला दार उघडा, आम्ही दहाच्या आत मोकळे होतो. ज्या परिषदेत व्यासपीठावरून मानवी मूल्यांची चर्चा होते, तिच्या मागच्या दारी माणूस उन्हात तिष्ठत असेल, तर त्या परिषदेला शाश्वत म्हणणे मला जड जाते.

हे सारे केवळ माझे अनुभव आहेत, असे आपण समजू नये. जगाने याचे मानक केले आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली ‘बीएस ८९०१’ हे मानक निघाले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने त्यातून ‘आयएसओ २०१२१’ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले, आणि पॅरिस ऑलिंपिकच्या वर्षी, २०२४ मध्ये, त्याची सुधारित आवृत्ती आली. कार्यक्रमात किती किलो प्लास्टिक चालेल, असा एखादा आकडा त्यात सापडेल म्हणून जो ते उघडतो, त्याची निराशा होते. ते मानक पहिल्या पायऱ्यांमध्येच सांगते की आपले संबंधित कोण ते ओळखा: यजमान, आयोजक, कामगार, पुरवठादार, सहभागी, प्रेक्षक, नियामक संस्था आणि स्थानिक समाज. त्यांना काय हवे ते विचारा, आणि विचारल्याची नोंद ठेवा. पुढचे सारे नियोजन या विचारण्यावर उभे राहते.

आणि मला वाटते, हे आपल्याला आणि ओमानच्या लोकांना मानकाच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. येथील डोंगराळ गावांत ‘फलज’ नावाचे पाण्याचे पाट आहेत. भूगर्भातले पाणी नुसत्या उताराने गावापर्यंत आणणारी ही रचना. अशा सुमारे ३,००० फलज आजही चालू आहेत, आणि त्यांपैकी पाच २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले; निझवाचा फलज दारिस त्यांतलाच. पाणी प्रथम पिण्यासाठी, मग मशीद आणि स्नानगृहांसाठी, आणि शेवटी खजुराच्या बागांना. बागांचे वाटे वेळेवर मोजतात. सुमारे अर्ध्या तासाच्या वाट्याला ‘अथर’ म्हणतात. पूर्वी ही वेळ दिवसा सूर्याच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजीत. व्यवस्थेसाठी एक ‘वकील’ असतो, त्याच्या हाताखाली ‘अरीफ’ असतात, वही राखणारा असतो. काही वाटे लिलावाने विकून पाटाच्या दुरुस्तीचा पैसा उभा करतात. वरच्या बागेच्या मालकाला पाट अडविणे अगदी सोपे असते. तरी तो अडवीत नाही. कारण खालच्या बागवाल्याचा वाटा वहीत लिहिलेला आहे, आणि ती वही साऱ्या गावाला माहीत आहे. शतकानुशतके पाणी टिकले, त्यात दगडी बांधकामाइतकाच वाटा या वहीचा आहे.

महाराष्ट्रात पाहायचे तर पंढरीच्या वारीकडे पाहावे. माउलींच्या पालखीचा मुक्काम पडला की संध्याकाळी समाजआरती होते. शेकडो दिंड्यांचे टाळ वाजत असतात. चोपदार आपला दंड उंचावतो आणि सारा समाज क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीत राहते. चोपदार त्या दिंडीकडे जाऊन तक्रार ऐकतो, आणि तिचा निवाडा तेथेच होतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि आरती होते. आपला धर्म वेगळा आहे, पण व्यवस्थेचा धडा कोणाकडूनही घ्यावा. लाखोंच्या मेळ्यात तक्रार करणाऱ्याला दबून बसावे लागत नाही; त्याच्या तक्रारीसाठी रोजची वेळ राखून ठेवली आहे, आणि ती ऐकल्यावाचून पुढचे काम होत नाही. आमच्या परिषदांत तक्रारीचा कागद कार्यक्रम संपल्यावर वाटतात. त्याचा फायदा झाला तर पुढच्या वर्षीच्या पाहुण्याला होतो. ज्याने तो भरला त्याला होत नाही.

पुण्याचे उदाहरणही येथे सांगितले पाहिजे. तेथे कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली, आणि २००८ मध्ये तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. गणेश विसर्जनाच्या वेळी घाटांवर निर्माल्य वेगळे गोळा करण्याचे काम या भगिनी करतात. कोणती बाटली विकली जाते आणि कोणती जात नाही, कोणता कागद ओला झाल्यावर निरुपयोगी होतो, हे त्यांना पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. त्यांचे हे ज्ञान शहराला उपयोगी पडले, ते त्या कराराच्या टेबलाशी बरोबरीने बसल्या म्हणून.

आता एक अवघड गोष्ट बोलते. सर्वांना विचारले म्हणजे सर्वांचे एकमत होते, असे मुळीच नाही. पुरस्कर्त्याला आपले नाव छापलेल्या हजार पिशव्या वाटायच्या असतात. ओमानात १ जानेवारी २०२१ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि २०२४ पासून ती टप्प्याटप्प्याने आणखी क्षेत्रांना लागू होत आहे. म्हणून तो कापडी पिशव्या आणतो. पण हजार कापडी पिशव्या, ज्या घरी जाऊन कपाटात पडतात, त्यांना शाश्वत म्हणावे का? मी नको म्हटले, तर पुरस्कार जाण्याची भीती. हो म्हटले, तर निमंत्रणपत्रिकेवरचे हिरवे पान खोटे. अशा वेळी मी त्याला एकच विचारते: आपल्याला पिशवी वाटायची आहे, की आपले नाव लक्षात राहावे असे वाटते? पुष्कळदा उत्तर दुसरे असते. मग त्याच पैशात दालनात पिण्याच्या पाण्याची ठिकाणे उभी करून त्यांवर त्याचे नाव लावता येते. ५०० प्रतिनिधींनी दोन दिवस रोज तीन बाटल्या घेतल्या तर ३,००० बाटल्या होतात. त्या वाचल्या आणि त्याचे नाव प्रत्येकाने दिवसातून तीनदा वाचले. काही पुरस्कर्ते मान्य करतात, काही करीत नाहीत. जे करीत नाहीत, त्यांच्या बाबतीत काय ठरले ते आम्ही अहवालात लिहितो. न जमलेली गोष्टही लिहिली जावी, कारण जमलेल्याच गोष्टींच्या अहवालावर पुढे कोणी विश्वास ठेवीत नाही.

खर्चाचाही प्रश्न तितकाच खरा आहे. बचत एकाची आणि खर्च दुसऱ्याचा, अशी विभागणी झाली की सहकार्य एका वर्षात संपते. अर्ध्या दिवसाचे जादा भाडे आयोजकाने भरायचे आणि वाचलेल्या भिंतींचा नफा मिस्त्रींनी घ्यायचा, असे असते, तर तो प्रयोग पुन्हा झाला नसता. म्हणून वाटा आधी लिहावा. फलजच्या वहीत असतो तसा.

शेवटी आपल्या सभागृहाकडे येते. आपल्या पूर्वजांनी कोकणातल्या गावोगावी मुकादम, चौगुला, गब्बाई, हज्जान, शमाश अशी कामांची वाटणी केली होती. कोणाकडे मान होता, कोणाकडे हिशेब, कोणाकडे किल्ली. मलिद्याचा कार्यक्रम असो, बार मित्स्वा असो किंवा लग्न असो, आपल्याकडे बैठक भरते ती यजमान आणि विश्वस्तांची. माझी नम्र सूचना अशी की पुढच्या बैठकीत शमाशांना प्रथम बोलू द्यावे. रात्री सर्व निघून गेल्यावर दिवे तेच मालवतात. कोणता पंखा विनाकारण चालू राहतो, पाण्याच्या किती अर्ध्या बाटल्या खुर्च्यांखाली सापडतात, पोहे-नारळाचा मलिदा किती उरतो, कोणती फळे कोणी उचलत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्यानंतर स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना विचारावे. त्यानंतर सोसायटीच्या सफाई कामगाराला आणि शेजाऱ्यांना विचारावे. मग विश्वस्तांनी बोलावे.

दुसरी सूचना: पानांचा आकडा एकाच व्यक्तीने द्यावा, आणि “सांगतो नंतर” म्हणणाऱ्या नातेवाइकांकडून शब्बाथ लागण्यापूर्वी उत्तर घ्यावे. हे काम अवघड आहे, याची मला जाणीव आहे. मस्कतच्या मंत्रालयांकडून उत्तर मिळविणे त्याहून सोपे असते. तिसरी सूचना: कार्यक्रमानंतर एक साधी वही लिहावी. किती पाने मागवली, किती उठली, किती उरले, कोणी नेले. चार सणांची वही झाली की पाचव्या सणाला वाद होत नाही. वही उघडली की पुरते.

आपला समाज लहान आहे, आणि आपल्या सभागृहात होणारा कार्यक्रम जगाच्या तापमानात फरक पाडील, असे मी म्हणणार नाही. पण जे सभागृह आपल्या शमाशाला पहिल्या बैठकीत बोलावते, त्या सभागृहात वाढलेली मुले उद्या कोठेही गेली, मुंबईत, अश्दोदमध्ये किंवा मस्कतमध्ये, तरी टेबलाशी कोण बसलेले नाही, हे त्यांना चटकन दिसेल. माझ्या व्यवसायात सर्वांत दुर्मीळ असे कौशल्य तेच आहे.

 आपले प्रश्न मंडळाच्या कार्यालयात लिहून द्यावेत. मी त्यांची उत्तरे अवश्य पाठवीन. येणारा शब्बाथ आपणां सर्वांना सुखाचा जावो. शालोम.